विहिरीतील व टाकीतील विषारी वायू : ओळख, मोजमाप आणि श्वसनसंरक्षण

बालाघाटच्या पठारावर वसलेला धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) हा अवर्षणप्रवण जिल्हा होय. काळ्या कातळाची जमीन, लहरी पाऊस आणि उन्हाळ्यात तळ गाठणाऱ्या विहिरी ही येथील शेतकऱ्याची नित्याची अडचण आहे. चैत्र-वैशाखात गावोगाव विहिरींतील गाळ उपसला जातो, सुरुंग लावून त्या खोल केल्या जातात, बंद पडलेल्या विहिरी पुन्हा उघडल्या जातात. दुसरीकडे, गेल्या काही दशकांत ढोकी, रांजणी, नळदुर्ग, केशेगाव अशा ठिकाणी साखर कारखाने उभे राहिले, घरोघरी शौचालये झाली, गोबरगॅस संयंत्रे बसली आणि दुभत्या जनावरांसाठी मुरघासाचे खड्डे तयार झाले. ही सर्व कामे प्रगतीचीच आहेत. मात्र या सर्वांत एक समान धोका दडलेला आहे. जमिनीखाली अथवा बंद टाकीत साचणारा विषारी वायू हा तो धोका होय.

विषारी वायूंचा प्रश्न म्हटला की २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळ येथे घडलेली मिथिल आयसोसायनेट वायूची दुर्घटना आठवते, आणि हा विषय मोठ्या रासायनिक कारखान्यांपुरताच आहे असा समज होतो. हा समज बरोबर नाही. मराठवाड्यातच, परभणी जिल्ह्याच्या सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा येथे मे २०२३ मध्ये शौचालयाची टाकी साफ करताना पाच कामगार मृत्युमुखी पडले. ९ एप्रिल २०२४ रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील वाकडी (ता. नेवासा) येथे गोबरगॅसची मळी साठविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या विहिरीत एक मांजर पडले. त्याला काढण्यासाठी एक जण उतरला, त्याला वाचविण्यासाठी दुसरा, मग तिसरा. अशा रीतीने एकापाठोपाठ उतरलेले पाच जण दगावले. कमरेला दोर बांधून उतरलेला एक जण मात्र वर ओढला गेल्यामुळे वाचला.

या दोन्ही ठिकाणी कोणताही मोठा कारखाना नव्हता. काम साधे होते आणि जागा ओळखीची होती. वाकडीच्या घटनेतून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. पहिला माणूस अज्ञानाने दगावतो, तर पुढची माणसे धैर्याने, माणुसकीने, पण तयारीवाचून धाव घेतल्यामुळे दगावतात. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८६ मध्येच असे नमूद केले होते की, बंदिस्त जागांतील मृत्यूंपैकी साठ टक्क्यांहून अधिक मृत्यू वाचविण्यासाठी गेलेल्यांचे असतात. म्हणजेच, योग्य ज्ञान व साधने असतील तर निम्म्याहून अधिक जीव सहज वाचू शकतात.

वायू साचतो कोठे व का?

आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत सुमारे २०.९ टक्के प्राणवायू, ७८ टक्के नायट्रोजन व अगदी अल्प प्रमाणात, म्हणजे सुमारे ०.०४ टक्के, कार्बन डायऑक्साइड असतो. प्राणवायूचे प्रमाण १९.५ टक्क्यांखाली गेले की ती हवा कामासाठी असुरक्षित मानली जाते. १६ टक्क्यांच्या आसपास श्वास जलद होतो आणि विचारशक्ती मंदावते. १० टक्क्यांखाली माणूस बेशुद्ध पडतो, तर ६ टक्क्यांखाली काही मिनिटांत मृत्यू ओढवतो. विशेष म्हणजे प्राणवायू कमी झाल्याची जाणीव माणसाला होतेच असे नाही. पायांतील बळ गेल्यावरच काही बिघडले आहे हे कळते, आणि तोवर शिडी चढण्याची शक्ती उरलेली नसते.

वापरात नसलेल्या विहिरीत पालापाचोळा, गाळ व शेवाळ कुजते. कुजण्याच्या क्रियेत प्राणवायू खर्च होतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने तळाशी बसून राहतो. मातीच्या व खडकाच्या भेगांतूनही असा निकृष्ट वायू विहिरीत झिरपतो. आभाळ भरून येऊन हवेचा दाब उतरला की हे झिरपणे वाढते. त्यामुळे काल निर्धोक असलेली विहीर आज घातक ठरू शकते.

यात ऋतूचाही मोठा भाग आहे. हिवाळ्यात विहिरीतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असते. ती वर चढते, तिची जागा ताजी हवा घेते आणि विहीर जणू आपोआप श्वास घेते. उन्हाळ्यात याच्या उलट घडते. बाहेर कडक ऊन आणि आत गारवा अशी स्थिती असल्याने आतील गार व जड हवा तळाशी स्थिर राहते. ज्या महिन्यांत गाळ काढण्याची कामे सर्वाधिक निघतात, नेमक्या त्याच महिन्यांत विहिरीतील हवा सर्वाधिक कोंडलेली असते.

माणसाच्या कामामुळेही विहिरीत विष भरते. पाणी उपसण्यासाठी डिझेलचे किंवा पेट्रोलचे इंजिन विहिरीतच उतरविले, तर त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड तेथेच साचतो. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याचे आकर्षण प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक असल्याने तो रक्तातील प्राणवायूची जागाच बळकावतो. सुरुंग उडविल्यानंतर कार्बन मोनॉक्साइडबरोबर नायट्रोजनची ऑक्साइडेही निर्माण होतात. ती श्वासात गेल्यास सुरुवातीला केवळ खोकला येतो. मजूर काम आटोपून घरी जातो आणि कित्येक तासांनी, बहुधा रात्री, फुप्फुसांत पाणी होऊन त्याला श्वास घेता येईनासा होतो. यास्तव सुरुंगानंतर धूर दिसेनासा झाला म्हणजे विहीर सुरक्षित झाली, असे समजू नये.

टाकी, गोबरगॅस व पेव

शौचालयाच्या टाकीत, गटारात आणि गोबरगॅसच्या मळीत हवेविना कुजण्याची क्रिया चालते. तिच्यातून प्रामुख्याने मिथेन व कार्बन डायऑक्साइड आणि अल्प प्रमाणात हायड्रोजन सल्फाइड हे वायू निघतात. मिथेन हवेपेक्षा हलका व ज्वालाग्राही आहे. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के असताना एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. हायड्रोजन सल्फाइड हवेहून किंचित जड असून तो अत्यंत विषारी आहे. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास हवेच्या दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी प्रमाणात येतो. परंतु हे प्रमाण शंभर भागांवर गेले की काही मिनिटांतच नाकाची वास घेण्याची शक्ती बधिर होते. वास येईनासा झाला म्हणून माणूस निर्धास्त होतो, तेव्हाच खरा धोका सुरू झालेला असतो. हजार भागांच्या आसपास एक-दोन श्वासांतच माणूस कोसळतो. शिवाय साचलेला मैला ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम उफाळून बाहेर पडतो. म्हणून झाकण उघडताना निर्धोक वाटलेली टाकी काम सुरू होताच प्राणघातक ठरते.

मराठवाड्यात धान्य साठविण्यासाठी जमिनीत पेव खणण्याची जुनी पद्धत आहे. पेवातील धान्य श्वसन करीत असल्याने आतील प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. किडीला मारणारी हीच हवा माणसालाही मारते, हे जुन्या लोकांना अनुभवाने ठाऊक होते. पेव उघडल्यावर ते काही काळ मोकळे ठेवल्याखेरीज आत उतरू नये, असा दंडक त्यातूनच आला. आता धान्याला कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरल्या जातात. तीन ग्रॅमच्या एका गोळीपासून सुमारे एक ग्रॅम फॉस्फिन हा जहाल वायू निघतो आणि त्यावर उतारा नाही. अशा गोळ्या ठेवलेल्या खोलीत किंवा तिच्या लगतच्या खोलीत कोणी झोपू नये. धुरीचे काम प्रशिक्षित व्यक्तीकडूनच करून घ्यावे. मुरघासाच्या खड्ड्यातही भरणीनंतरचे पहिले दोन-तीन आठवडे नायट्रोजन डायऑक्साइड व कार्बन डायऑक्साइड साचतात. या काळात खड्ड्यात उतरणे धोक्याचे असते.

पाणीपुरवठ्याच्या कामात क्लोरीनचा संबंध येतो. शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत तो सिलिंडरमधून वापरला जातो, तर खेडोपाडी टीसीएल पावडरीच्या रूपाने. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने गळती झाल्यास सखल भागाकडे न पळता, वाऱ्याच्या आडव्या दिशेने उंच जागी जावे. टीसीएल पावडर कधीही आम्लाजवळ अथवा आम्लयुक्त शौचालय सफाई द्रवाजवळ ठेवू नये, कारण दोहोंच्या संयोगाने क्लोरीन मुक्त होतो.

साखर कारखाने व मद्यार्क प्रकल्प

उसाचा रस स्वच्छ करण्यासाठी चुन्याबरोबर सल्फर डायऑक्साइड वापरला जातो. तो गंधक जाळून कारखान्यातच तयार करतात. हा वायू तिखट असल्याने त्याची जाणीव लगेच होते. दमेकऱ्यांना तो विशेष त्रासदायक ठरतो. याहून फसवा धोका मद्यार्क प्रकल्पात असतो. मळी आंबविताना साखरेचे रूपांतर मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड यांत जवळजवळ समान वजनाने होते. त्यामुळे आंबवणीच्या पिंपांत आणि त्यांच्या तळघरांत हा वायू प्रचंड प्रमाणात साचू शकतो. मद्यार्क काढून उरलेल्या सांडपाण्यात सल्फेट असते. बंद पाचक टाकीत त्यापासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हंगाम संपल्यावर या टाक्या साफ करण्याचे काम निघते आणि ते बहुधा कंत्राटी मजुरांकडे येते. कायमच्या कामगाराला धोक्याची निदान ऐकीव माहिती असते, पण दोन दिवसांसाठी आलेल्या मजुराला तीही नसते.

कंदील, नाक आणि मापकयंत्र

विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता कंदील दोराने सोडून पाहण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तिला शास्त्रीय आधार आहे. प्राणवायू सुमारे १६-१७ टक्क्यांवर आला की ज्योत विझते. मात्र या कसोटीला मर्यादा आहेत. कार्बन मोनॉक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइड प्राणघातक प्रमाणात असतानाही कंदील तेवत राहतो. शौचालयाच्या टाकीत वा गोबरगॅसच्या खड्ड्यात पेटता कंदील सोडणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण देणे होय. कंदील विझला तर खाली उतरू नये हे निश्चित, पण कंदील विझला नाही म्हणून उतरावे असे मात्र नाही.

इंग्लंडमधील कोळसा खाणींत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी नेण्याची सूचना केली. लहान पक्ष्याचा श्वास जलद असल्याने कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम त्याच्यावर माणसाआधी होतो. ही पद्धत तेथे १९८६ पर्यंत चालली आणि नंतर पक्ष्याची जागा विद्युत् मापकयंत्राने घेतली. आज हातात मावेल असे चार वायूंचे मापकयंत्र उपलब्ध आहे. प्राणवायू, ज्वालाग्राही वायू, कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सल्फाइड ही चारही प्रमाणे ते एकाच वेळी दाखविते आणि मर्यादा ओलांडताच घंटा देते. केवळ हायड्रोजन सल्फाइड ओळखण्यासाठी लेड ॲसिटेटचा कागद काळा पडण्याची कसोटीही उपयोगी पडते. मात्र ती शाळेच्या प्रयोगशाळेत समजावून सांगण्यापुरतीच ठेवावी.

मोजमाप कसे करावे हेही महत्त्वाचे आहे. मिथेन वर, हायड्रोजन सल्फाइड व कार्बन डायऑक्साइड खाली, तर कार्बन मोनॉक्साइड सर्वत्र असतो. म्हणून तोंडाशी, मध्ये आणि तळाशी अशा तिन्ही पातळ्यांवर, बाहेर उभे राहून यंत्र दोराने अथवा नळीने सोडून मापन करावे. काम चालू असेपर्यंत यंत्र कामगाराजवळ सुरूच ठेवावे. हायड्रोजन सल्फाइडची आठ तासांच्या कामासाठीची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग इतकीच आहे, हे स्मरणात ठेवावे.

हवा खेळती करण्यासाठी झाडाचा डहाळा दोराला बांधून वरखाली हलविणे, पाणी शिंपडणे हे उपाय अंशतः उपयोगी पडतात. खात्रीचा उपाय म्हणजे तळापर्यंत पोचणारी नळी लावून पंख्याने ताजी हवा आत ढकलणे. त्यासाठी प्राणवायूचा सिलिंडर आत सोडण्याचा प्रकार मात्र कटाक्षाने टाळावा. प्राणवायूचे प्रमाण २३.५ टक्क्यांवर गेले की कपडे व तेलकट वस्तू क्षणात पेट घेतात.

श्वसनसंरक्षक साधने : कोणते कशासाठी?

नाकाला ओला रुमाल बांधून टाकीत उतरणारे मजूर अनेक ठिकाणी दिसतात. रुमालाने धूळ थोडी अडते, वायू अडत नाही. श्वसनसंरक्षक साधनांचे दोन मुख्य वर्ग आहेत आणि त्यांतील भेद न समजल्यानेही जीव गेले आहेत.

पहिला वर्ग हवा गाळणाऱ्या साधनांचा होय. धुळीचा मुखवटा आणि रासायनिक डबी असलेला मुखवटा ही याची उदाहरणे होत. डबीतील सक्रिय कोळसा वा अन्य द्रव्य ठराविक वायू शोषून घेते. प्रत्येक वायूसाठी डबी वेगळी असते आणि तिचे आयुष्य मर्यादित असते. सर्वांत महत्त्वाची बाब अशी की, हे साधन हवा शुद्ध करते, प्राणवायू निर्माण करीत नाही. म्हणून विहीर, टाकी, पेव, आंबवणीचे पिंप अशा प्राणवायू कमी असलेल्या जागी ते पूर्णतः निरुपयोगी आहे.

दुसरा वर्ग हवा पुरविणाऱ्या साधनांचा होय. यात बाहेरून नळीने शुद्ध हवा आणणारा मुखवटा आणि पाठीवरील सिलिंडरमधून दाबाखालील हवा देणारे स्वयंपूर्ण श्वसनयंत्र यांचा समावेश होतो. अग्निशमन दलाचे जवान वापरतात ते हे यंत्र होय. त्यातील हवा साधारणतः अर्धा ते पाऊण तास पुरते आणि साठा संपत आला की शिट्टी वाजते. शिट्टी होताच काम टाकून वर यावे. चेहऱ्याला मुखवटा घट्ट बसणे आवश्यक आहे, कारण दाढी वाढलेली असल्यास कडेने वायू आत शिरतो. ही साधने निवडण्याविषयी, वापरण्याविषयी व निगराणीविषयी भारतीय मानक ९६२३ मध्ये मार्गदर्शन दिलेले आहे. साधन कपाटात ठेवून भागत नाही. त्याची नियमित तपासणी व्हावी आणि वापरणाऱ्याला सराव असावा.

कायद्याची चौकट

कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ ने या विषयाची चौकट स्पष्ट केली. घातक वायू असण्याचा संभव असलेल्या टाकीत, खड्ड्यात वा नळात सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून जागा सुरक्षित असल्याचे लेखी प्रमाणपत्र दिल्याशिवाय, अथवा कामगाराने श्वसनयंत्र व कमरपट्टा लावून दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती दिल्याशिवाय प्रवेश देऊ नये, असे त्यात सांगितले होते. अशा जागी २४ व्होल्टहून अधिक दाबाचा हातदिवा नेण्यासही बंधन होते. पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने या अधिनियमाची जागा घेतली. तथापि चाचणी, लेखी परवाना, दोर आणि बाहेरचा पहारा हे सुरक्षिततेचे चार खांब जसेच्या तसे आहेत.

गटारे व शौचालयाच्या टाक्यांसाठी २०१३ चा हाताने मैला उचलणाऱ्या व्यक्तींच्या सेवायोजनास प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन अधिनियम लागू आहे. संरक्षक साधने व सुरक्षिततेची तजवीज न करता कोणालाही टाकीत अथवा गटारात उतरविण्यास व्यक्ती, स्थानिक संस्था वा कंत्राटदार यांपैकी सर्वांना मनाई आहे. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निर्णयात अशा मृत्यूंबद्दल दहा लाख रुपये भरपाई ठरविली आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयाने ती तीस लाखांवर नेली. भरपाई आवश्यकच आहे, पण ती गेलेला कर्ता माणूस परत आणीत नाही.

येथे एक उणीव ध्यानात घेतली पाहिजे. शेतातील विहीर हा कारखाना नाही. तेथे निरीक्षक येत नाही आणि लेखी परवानाही मागितला जात नाही. गाळ काढणारी टोळी, यारी चालविणारा आणि विहिरीचा धनी एवढेच काय ते तेथे असतात. म्हणूनच या ठिकाणी गावाने स्वतःच नियम करून पाळणे हाच उपाय उरतो.

गावपातळीवर पाळावयाचे नियम

१. वापरात नसलेल्या विहिरीत, टाकीत, पेवात वा गोबरगॅसच्या खड्ड्यात मापन केल्याशिवाय कोणीही उतरू नये. मापकयंत्र नसेल तर काम थांबवावे.

२. शौचालयाच्या टाक्या केवळ उपसा यंत्राने साफ करून घ्याव्यात. दोन खड्ड्यांच्या शौचालयात भरलेला खड्डा बंद करून दुसरा वापरात आणावा, आणि पहिल्यातील मैल्याचे खत पुरते तयार झाल्यावरच तो उपसावा.

३. विहिरीच्या आत इंजिन चालवू नये. सुरुंगानंतर पंख्याने हवा खेळती करून व मापन करूनच उतरावे.

४. उतरणाऱ्याच्या कमरेला व खांद्यांना पट्टा आणि दोर असावा. दोराचे टोक सांभाळणारी किमान दोन माणसे वर असावीत व त्यांनी जागा सोडू नये.

५. आतील माणूस कोसळला तर वरच्याने कदापि खाली उडी घेऊ नये. दोराने वर ओढावे, आत ताजी हवा सोडावी आणि १०८ किंवा ११२ या क्रमांकावर कळवून अग्निशमन दलाला बोलवावे.

६. बाहेर काढलेल्याला मोकळ्या हवेत न्यावे, कपडे सैल करावेत. श्वास बंद असल्यास प्रशिक्षित व्यक्तीने छातीवर दाब देऊन कृत्रिम श्वासोच्छ्वास सुरू करावा. विषारी वायूच्या बाधेत तोंडाला तोंड लावणे टाळून शक्यतो साधन वापरावे. बरे वाटले तरी रुग्णाला दवाखान्यात निरीक्षणाखाली ठेवावे.

प्रत्येक ग्रामपंचायतीला चार वायूंचे मापकयंत्र घेणे परवडेलच असे नाही. परंतु पंचायत समितीच्या पातळीवर एक यंत्र, एक पंखा-नळीचा संच आणि कमरपट्टे-दोर ठेवून ते मागणीप्रमाणे गावांना देण्याची व्यवस्था होऊ शकते. तुळजापूरसारख्या यात्रेच्या ठिकाणी, जेथे निवासगृहे आणि त्यांच्या टाक्या मोठ्या संख्येने आहेत, तेथे नगरपरिषदेने उपसा यंत्रांची व प्रशिक्षित पथकाची तयारी उत्सवापूर्वीच तपासून पाहणे अगत्याचे ठरेल. विहिरींच्या शासकीय कामांना मंजुरी देताना तांत्रिक अधिकाऱ्यांनी वरील नियमांची अट घालता येईल.

शिक्षकांचा वाटा यात कमी नाही. प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड व ज्वलन हे धडे शाळेत शिकविलेच जातात. बंद बरणीत मेणबत्ती का विझते हे सांगताना गावातल्या विहिरीचे उदाहरण दिले, तर मुलांना विज्ञानही कळेल आणि घरी वडीलधाऱ्यांना ते चार शब्द सांगतील. मार्च महिन्याच्या ग्रामसभेत, गाळ काढण्याची कामे निघण्यापूर्वी, हे नियम वाचून दाखविले आणि चावडीवर लावले, तर त्यासाठी स्वतंत्र निधीची गरज नाही.

दुष्काळाशी झुंजणाऱ्या धाराशिव जिल्ह्याला विहिरी खोल कराव्याच लागतील, टाक्या साफ कराव्याच लागतील. ही कामे थांबविणे हा उपाय नव्हे. ती करणारा माणूस संध्याकाळी घरी परतावा यासाठी उतरण्यापूर्वीचे अर्धा तासाचे मापन, एक मजबूत दोर आणि वर उभ्या असलेल्या दोन माणसांचा संयम एवढे पुरेसे आहे.